लपवलेली जखम मोजायची कशी? तरुणांच्या स्व-इजेवरचं संशोधन समजून घेताना

२००६ साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांचा एक निबंध आला. ईशान्य अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतले ८,३०० विद्यार्थी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून त्यांना इंटरनेटवरून प्रश्नावली पाठवली होती. ३,०६९ जणांनी प्रतिसाद दिला. अर्धवट उत्तरं बाजूला काढल्यावर २,८७५ उरली. त्यांतल्या १७ टक्के विद्यार्थ्यांनी, मरण्याचा हेतू नसताना, आयुष्यात कधी ना कधी मुद्दाम स्वतःच्या शरीराला इजा केली होती. त्या विद्यार्थ्यांपैकी ३६ टक्के जणांनी हे आजवर कुणालाच ठाऊक नसल्याचं सांगितलं. डॉक्टरांना ठाऊक होतं असं सांगणारे जेमतेम ३ टक्के निघाले.

या आकड्यांतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आमच्या मते १७ नाही, ३६ आहे. जी गोष्ट आईला, मित्राला, डॉक्टरला सांगितलेली नाही, ती एका अनोळखी प्रश्नावलीला सांगितली गेली. अशी प्रश्नावली कशी तयार होते, तिच्यावर विश्वास किती ठेवायचा आणि उत्तर देणाऱ्या मुलाची जबाबदारी कोण घेतं, हे माहीत असेल तर वर्तमानपत्रात येणारे आकडे नीट वाचता येतात. शिवाय घरातलं एखादं मूल या त्रासात असेल तर काय करावं आणि काय टाळावं, याचाही अंदाज येतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. इजा कशी केली जाते याचं वर्णन या लेखात कुठेही नाही. त्या त्रासातून जाणाऱ्या वाचकाला अशा तपशिलांचा अपाय होऊ शकतो आणि विषय समजायला त्यांची गरज पडत नाही.

आधी व्याख्या, मग आकडा

‘स्वतःला इजा करणं’ हे शब्द ऐकायला स्पष्ट वाटतात, पण संशोधन सुरू करताना पहिला वाद इथेच होतो. अमेरिकेतल्या बहुतेक गटांची व्याख्या अरुंद आहे: स्वतःच्या शरीराला थेट, मुद्दाम, आत्महत्येच्या हेतूविना केलेली इजा, आणि तीही समाजाने मान्य न केलेल्या पद्धतीची. त्यामुळे गोंदणं किंवा कान टोचणं यात येत नाही, नखं खाण्याची सवयही येत नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथले अनेक अभ्यास मात्र ‘सेल्फ-हार्म’ ही मोठी छत्री वापरतात. तिच्याखाली हेतू काहीही असो, औषधांचा मुद्दाम घेतलेला अतिडोसही मोजला जातो. साहजिकच दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून ‘तिथे जास्त, इथे कमी’ म्हणणं बहुतेक वेळा चूक ठरतं.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत २०१३ साली ‘आत्महत्येचा हेतू नसलेली स्व-इजा’ ही स्थिती स्वतंत्रपणे नोंदवली गेली, पण ‘पुढील अभ्यासाची गरज असलेल्या स्थितीं’च्या विभागात. तिथल्या प्रस्तावित निकषानुसार गेल्या वर्षभरात किमान ५ दिवस असं घडलेलं असावं लागतं. म्हणजे आयुष्यात एकदा घडून थांबलेला मुलगा सर्वेक्षणाच्या १७ टक्क्यांत मोजला जातो, पण या निकषात बसत नाही. ‘आयुष्यात कधीतरी’, ‘गेल्या १२ महिन्यांत’ आणि ‘वारंवार’ हे तीन वेगळे आकडे आहेत. कॉर्नेलच्या त्याच अभ्यासात आयुष्यभराचा आकडा १७ टक्के आहे, तर गेल्या वर्षभराचा ७ टक्क्यांच्या आसपास. बातमीत बहुधा मोठा तेवढा येतो.

हेतू ठरवणं सगळ्यात अवघड. ‘तेव्हा तुला मरायचं होतं का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी हो किंवा नाही इतकं सरळ नसतं. ‘माहीत नाही’, ‘थोडंसं’, ‘काही झालं असतं तरी चाललं असतं’ अशी उत्तरं येतात. चांगली प्रश्नावली या उत्तरांना स्वतंत्र जागा देते. जी देत नाही ती त्यांना जबरदस्तीने एका खान्यात कोंबते आणि नेमकी जास्त धोक्यातली मुलं चुकीच्या गटात जाऊन बसतात.

प्रश्नाच्या शब्दांनी आकडा बदलतो

समजा विचारलं, ‘तुम्ही कधी स्वतःला मुद्दाम इजा केली आहे का?’ पुष्कळ मुलं ‘नाही’ लिहितात, कारण आपण करतो ते या शब्दांत बसतं असं त्यांना वाटत नाही. त्याऐवजी ठरावीक वर्तनांची यादी देऊन एकेकासमोर खूण करायला सांगितलं, तर ‘हो’ची संख्या वाढते. २०१२ साली ५२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. एकाच प्रश्नावर विसंबलेल्या अभ्यासांत प्रमाण कमी आणि यादी देणाऱ्यांत जास्त, हे त्यात स्पष्ट दिसलं. किशोरवयीनांमधली स्व-इजेची सरासरी १८ टक्के निघाली. २०१४ साली दुसऱ्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात सर्वसाधारण लोकसंख्येतल्या किशोरांमध्ये १७ टक्के, तरुणांमध्ये १३ टक्के आणि मोठ्यांमध्ये साडेपाच टक्के असे अंदाज आले. वेगवेगळ्या अभ्यासांतल्या तफावतीचा निम्म्याहून मोठा भाग मोजण्याच्या पद्धतीमुळे होता, असंही त्यात आढळलं. ‘प्रमाण दुप्पट झालं’ अशी बातमी वाचली की आधी विचारावं: दोन्ही वेळा प्रश्न एकच होता का?

यादीतही गोम आहे. फार लांब आणि तपशीलवार यादी दिली तर ज्याला काही माहीत नव्हतं त्याला ती नवं काही शिकवते. म्हणून पहिल्या चाळणी-प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्याला पुढची यादी दिसतच नाही. संगणकावर हे सहज जमतं, छापील प्रश्नावलीत जमत नाही. या विषयासाठी कागदापेक्षा पडदा बरा ठरण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

प्रश्नांचा क्रमही विचारपूर्वक लावलेला असतो. सुरुवातीला झोप, अभ्यास, मैत्री असे साधे विषय, मधोमध जड प्रश्न, शेवटी पुन्हा हलके: कशामुळे बरं वाटतं, अवघड दिवशी कोण सोबत असतं. जड प्रश्नावर मुलाला सोडून दिलं तर तो त्याच मनःस्थितीत पडद्यासमोरून उठतो. प्रत्येक जड प्रश्नाला ‘उत्तर द्यायचं नाही’ हा पर्याय असतो, आणि मदतीचे संपर्क फक्त शेवटच्या पानावर न ठेवता प्रत्येक पानाच्या तळाशी ठेवतात. मध्येच सोडून जाणाऱ्याला शेवटचं पान दिसतच नाही, आणि ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे तोच मध्ये सोडून जाऊ शकतो.

‘पण असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात ते शिरणार नाही का?’ शाळा, पालक आणि कधीकधी संशोधनाला मंजुरी देणारी नीतिसमितीसुद्धा हे विचारते. प्रश्न रास्त आहे आणि त्याची तपासणीही झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ६ माध्यमिक शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना आत्महत्येविषयीचे प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही. २ दिवसांनी पाहिलं तर विचारलेल्या गटात ताण किंवा आत्मघाती विचार वाढलेले नव्हते. ज्यांना आधीपासून नैराश्याची लक्षणं होती, त्यांच्यापैकी प्रश्न विचारलेल्यांचा ताण उलट थोडा कमी दिसला. साधा, थेट, आरोप न करणारा प्रश्न आणि रीतींचं चित्रमय वर्णन या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. काळजी दुसरीची करावी.

कोण उत्तर देतं, कोण देत नाही

कॉर्नेलच्या सर्वेक्षणात ३७ टक्क्यांनी प्रतिसाद दिला, म्हणजे ६३ टक्के गप्प राहिले. गप्प राहिलेल्यांत स्व-इजा जास्त असू शकते, कारण लाज आडवी येते. कमीही असू शकते, कारण विषय आपला नाही म्हणून पत्र बाजूला टाकलं. हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, फक्त आटोक्यात ठेवता येतो. निमंत्रणात ‘स्व-इजेचा अभ्यास’ असं न लिहिता ‘तरुणांचं आरोग्य आणि ताण’ असं व्यापक नाव देतात, त्यामुळे एकाच बाजूची मुलं गोळा होत नाहीत. संवेदनशील प्रश्न येणार आहेत हे मात्र संमतीपत्रात स्वच्छ लिहावंच लागतं. तिथे लपवाछपवी चालत नाही.

अज्ञात आणि गोपनीय या दोन शब्दांतला फरक सहभागींना समजावून सांगावा लागतो. अज्ञात म्हणजे उत्तर कुणाचं हे संशोधकालाही कळणार नाही. गोपनीय म्हणजे कळेल, पण तो ते कुणाला सांगणार नाही. अज्ञात सर्वेक्षणात माणूस मोकळेपणाने लिहितो, पण त्यातून कुणी गंभीर धोक्यात दिसला तर त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. गोपनीय सर्वेक्षणात पोचता येतं, पण तेवढ्यासाठीच काही जण खरं लिहीत नाहीत. दोन्ही फायदे एकत्र मिळत नाहीत. कोणता सोडायचा हे पहिल्याच बैठकीत ठरवावं लागतं.

१८ वर्षांखालच्या सहभागींचा पेच आणखी वेगळा. पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. ज्या मुलाने घरी काही सांगितलेलं नाही त्याच्या पालकांकडे कोणत्या शब्दांत परवानगी मागायची? म्हणूनही अभ्यासाचं व्यापक नाव उपयोगी पडतं. गोपनीयतेची मर्यादा मुलाला आधीच सांगितलेली असते: ‘तुझा जीव लगेच धोक्यात आहे असं वाटलं तर आम्ही गप्प बसणार नाही. त्याखेरीज तू सांगितलेलं आमच्याकडेच राहील.’ हे वाक्य मुलाखतीच्या मध्यावर सांगितलं तर तो विश्वासघात ठरतो, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

का करतात?

‘लक्ष वेधून घ्यायला’ हे लोकांचं ठरलेलं उत्तर, आणि माहितीशी ते सगळ्यात कमी जुळतं. ज्यांच्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक जणांनी कुणालाच सांगितलेलं नाही, ते कुणाचं लक्ष वेधत होते?

२००४ साली मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली चौकट आजही वापरात आहे. इजेमागची कारणं स्वतःच्या आत आहेत की इतरांशी जोडलेली, आणि त्यातून काही नकोसं जातं की काही हवंसं मिळतं, असे दोन प्रश्न एकमेकांवर ठेवले की चार खाने होतात. असह्य भावना उतरवणं हा पहिला. मन बधिर झालेलं असताना काहीतरी जाणवून घेणं हा दुसरा. एखादी अवघड परिस्थिती किंवा मागणी टाळणं तिसरा, आणि शब्दांत न सांगता आलेली वेदना दुसऱ्यापर्यंत पोचवणं चौथा. अभ्यासामागून अभ्यासात पहिला खाना सर्वात भरलेला सापडतो. चौथ्या खान्यातलं मूलही ‘नाटक’ करत नसतं. मदत मागण्याची दुसरी भाषा त्याला अजून मिळालेली नसते.

त्या क्षणी ताण उतरल्यासारखा वाटतो, म्हणून मेंदू ती वाट लक्षात ठेवतो. पण उतार थोडा वेळच टिकतो. मागून लाज आणि स्वतःवरचा राग येतो, त्याने ताण पुन्हा चढतो. ‘एवढं कळतं तर थांबत का नाही?’ हा घरच्यांचा प्रश्न या चक्राकडे न पाहता विचारलेला असतो. अशा प्रश्नाने लाज वाढली की चक्राला आणखी वेग येतो.

‘गेल्या वर्षी तुम्ही असं का केलं?’ या प्रश्नात आणखी एक अडचण आहे, स्मृतीची. तीव्र भावनेतले तपशील नंतर धूसर होतात आणि माणूस आपल्याच कृतीला मागाहून कारण जोडतो. म्हणून त्या त्या क्षणी नोंद घेण्याची पद्धत आली. सहभागीच्या हातातलं यंत्र दिवसातून काही वेळा वाजतं आणि दोन-तीन मिनिटांत होतील असे प्रश्न विचारतं: आत्ता कुठे आहेस, कुणासोबत, काय वाटतंय, इजेचा विचार आला होता का, तो किती वेळ टिकला. २००९ साली नॉक यांच्या गटाने ३० किशोर आणि तरुणांकडून १४ दिवस अशा नोंदी घेतल्या. बहुतेक विचार अर्ध्या तासाच्या आत ओसरत होते. नाकारलं गेल्याची भावना, स्वतःवरचा राग, स्वतःचा तिटकारा किंवा आतून बधिर वाटणं, अशा क्षणी विचार कृतीत उतरण्याची शक्यता वाढत होती.

उपचारांत हा अर्धा तास फार मोलाचा ठरतो. लाट टिकणार थोडीच, हे कळलं की तेवढा वेळ काढण्याची तयारी आधी करता येते: कुणाला फोन करायचा, कुठल्या खोलीत जाऊन बसायचं, कोणाच्या सोबतीला जायचं. हे शांत वेळी कागदावर लिहून ठेवायचं असतं. लाट आल्यावर सुचत नाही.

या पद्धतीतही काय बिघडतं ते सांगायला हवं. यंत्र फार वेळा वाजलं की मुलं वैतागून काहीतरी टिचकी मारतात. कमी वेळा वाजलं तर नेमका क्षण निसटतो. सगळ्यात वाईट वेळेत असलेलं मूल उत्तरच देत नाही, आणि न आलेली उत्तरं ‘सगळं ठीक’ समजून मोजली की निष्कर्ष खोटा गोड होतो. त्याहून मोठा प्रश्न: रात्री दोन वाजता कुणी ‘मला आत्ता मरायचंय’ असं नोंदवलं, तर ते कोण वाचतंय? माहिती सकाळी उघडली जाणार असेल तर तसं सहभागीला आधीच निक्षून सांगावं लागतं आणि अशा उत्तरानंतर पडद्यावर तातडीच्या मदतीचा संपर्क आपोआप दिसावा लागतो. नाहीतर मूल समजतं की आपण कुणाला तरी हाक मारली, आणि वाट पाहत बसतं.

गटातली माणसं आणि धोक्याची पायरी

असा गट म्हणजे फक्त प्राध्यापक आणि संख्याशास्त्रज्ञ नव्हेत. प्रत्येक मुलाखतीच्या दिवशी फोनवर मिळेल असा प्रशिक्षित चिकित्सक लागतो, माहितीतून नावं वेगळी करून कुलपात ठेवणारा एक जण लागतो, आणि या त्रासातून गेलेले तरुण सल्लागार म्हणून लागतात. कुठला शब्द दुखावतो हे तेच अचूक सांगतात. इजेवरून माणसाला नाव पाडणं टाळून ‘स्वतःला इजा करणारी व्यक्ती’ म्हणावं, हा आग्रह अशाच लोकांमुळे संशोधनाच्या भाषेत मुरला.

धोक्याच्या पायऱ्या अभ्यास सुरू होण्याआधी लिहून ठरतात. अस्वस्थता आहे पण जीवाला धोका दिसत नाही, तर मदतीचे संपर्क देऊन पुन्हा विचारपूस. अलीकडची इजा आणि मरणाचे विचार, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चिकित्सकाचं बोलणं. हेतू आणि योजना दोन्ही, तर त्या व्यक्तीला एकटं न सोडता तिथल्या तिथे तातडीची सेवा. मुलाखत घेणारी बहुधा पदव्युत्तर विद्यार्थी असते, स्वतःही तरुण. तिने दिवसाला किती मुलाखती घ्यायच्या यावर मर्यादा असते आणि प्रत्येक मुलाखतीनंतर वरिष्ठाशी बोलणं सक्तीचं असतं. हे टाळलं की काही आठवड्यांत तिची झोप उडते आणि प्रश्न विचारतानाचा आवाज कोरडा होतो. तो कोरडेपणा समोरच्या मुलाला लगेच कळतो.

आत्महत्येशी नातं

दोन्ही एक नाहीत, पण शेजारी आहेत. एकदाच पाहणी केली तर आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही, म्हणून तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा गाठावी लागतात. जॅनिस व्हिटलॉक यांच्या नेतृत्वाखालच्या कॉर्नेलच्या गटाने अमेरिकेतल्या ५ महाविद्यालयांमधल्या १,४६६ विद्यार्थ्यांना ३ वर्षं असं गाठलं. २०१३ सालचा त्यांचा निष्कर्ष असा: स्व-इजेचा इतिहास असलेल्यांत पुढे आत्मघाती विचार किंवा वर्तन सुरू होण्याची शक्यता अधिक होती आणि इजेची संख्या २० च्या वर गेलेल्यांत विशेष. त्याच माहितीत संरक्षण देणाऱ्या दोन गोष्टीही दिसल्या, ज्यांना मनातलं सांगता येईल असे आई-वडील आणि आयुष्याला काही अर्थ आहे ही भावना.

अशा निष्कर्षांच्या बातम्यांत ‘दुप्पट’, ‘तिप्पट’ असे शब्द येतात, त्यांच्याशी जपून वागावं. कल्पनेपुरतं धरा, एखादी गोष्ट १,००० पैकी १० जणांत घडते आणि एखाद्या गटात धोका तिप्पट आहे. म्हणजे त्या गटात १,००० पैकी ३० जणांत घडेल आणि ९७० जणांत घडणार नाही. तिप्पट हा काळजी घेण्याचा इशारा आहे. एका विशिष्ट मुलाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही.

बहुतेकांचं पुढे काय होतं? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात शाळकरी मुलांचा एक मोठा गट १९९२ ते २००८ असा तरुणपणापर्यंत पाहिला गेला. किशोरवयात सुमारे ८ टक्क्यांनी स्वतःला इजा केल्याचं सांगितलं होतं. तरुणपणी पोचेपर्यंत त्यांतल्या सुमारे ९० टक्के जणांत ते थांबलेलं होतं. हा आकडा दिलासा देतो, तरी ‘आपोआप थांबेल’ म्हणून हात झटकायला तो वापरू नये. इजा थांबली तरी मागचं नैराश्य किंवा चिंता राहू शकते, आणि किशोरवयातल्या त्याच अभ्यासात इजेसोबत नैराश्य-चिंतेची लक्षणं जास्त आढळली होती.

उपचारांत सर्वाधिक पुरावा मार्शा लिनेहन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित केलेल्या ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’च्या बाजूने आहे. नॉर्वेत ७७ किशोरांवर १९ आठवड्यांची चाचणी झाली, तिचे निकाल २०१४ साली आले. नेहमीच्या, तेही जरा वाढवलेल्या उपचारांपेक्षा या पद्धतीने इजेची वारंवारता जास्त घटली. भावना ओळखणं, लाट सोसणं, नात्यात स्पष्ट बोलणं अशी कौशल्यं तिच्यात शिकवतात आणि ती पालकांनाही शिकवतात. एकट्या मुलाला शिकवून परत त्याच घरात पाठवलं तर शिकलेलं टिकवणं अवघड जातं.

कुणी सांगितलं तर

संशोधनातल्या मुलाखतींमधून घरासाठी उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे मुलाखत घेणाऱ्याचा सूर: शांत, आदराचा, घाई नसलेला. ‘हे माझ्यापाशी बोललास, बरं केलंस. त्या वेळी मनात काय चाललेलं असतं, सांगशील?’ एवढं पुरतं. दाखव म्हणू नये. ताजी जखम असेल तर ती वैद्यकीय बाब समजून आधी तिच्यावर उपचार करावेत, चौकशी नंतर. ‘पुन्हा करणार नाही अशी शपथ घे’ हे सगळ्यात सहज सुचतं आणि सगळ्यात जास्त फसतं. शपथ मोडल्यावर मूल इजाही लपवतं आणि शपथ मोडल्याचंही लपवतं, म्हणजे बोलण्याची उघडलेली एकमेव वाट बंद होते. रोज अंग तपासणं, मोबाइल काढून घेणं, नातेवाइकांना सांगणं यांचाही परिणाम तोच.

आत्महत्येबद्दल मात्र सरळ विचारावं: ‘मरावंसं वाटतं का? कसं, कधी, याचा विचार केला आहेस का?’ उत्तर ‘हो’ असेल किंवा नुसतंच गप्प राहणं असेल, तर त्या मुलाला एकटं सोडू नये, जीवाला धोका होईल अशा वस्तू आणि औषधं घरातून बाजूला करावीत आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, रुग्णालय किंवा आपल्या भागातली संकटकालीन हेल्पलाइन गाठावी. उत्तर ‘नाही’ असेल तरी काही दिवसांनी पुन्हा विचारावं, त्याच सुरात. तुम्ही स्वतः या त्रासात असाल आणि हे वाचत असाल, तर सगळं एकदम सांगायची गरज नाही. ज्याच्यावर थोडा तरी विश्वास आहे अशा एका माणसाला ‘मला एक गोष्ट सांगायची आहे, पण कशी सांगू कळत नाही’ एवढं वाक्य पाठवलं तरी सुरुवात झाली.